थायरॉइडची गोळी रोज चालू, तरी टीएसएच पुन्हा वाढला? आधी गोळीच्या आजूबाजूचं खाणंपिणं तपासा

मी फार्मासिस्ट आहे. तालुक्याच्या गावात औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर मला १९ वर्षं झाली. दर महिन्याला तीन-चार जण तरी तोच कागद घेऊन येतात: वाढलेल्या टीएसएचचा रिपोर्ट आणि त्याखाली डॉक्टरांनी वाढवलेला डोस. टीएसएच म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक. थायरॉइड कमी काम करतं म्हणून घेतलेली गोळी अंगाला कमी पडली की ते वाढतं. आधी पन्नासची गोळी, मग पंचाहत्तरची, मग शंभरची. "एक दिवस चुकवत नाही हो मी," असं प्रत्येक जण सांगतं आणि बहुतेकदा ते खरंच असतं. घोळ असतो गोळीच्या आगेमागे पोटात काय जातं त्यात. डॉक्टरांकडे पाच मिनिटांत हे निघत नाही. माझ्याकडे निघतं, कारण बोलता बोलता पिशवीतली बाकीची औषधंही काउंटरवर येतात.

लक्षणं

रिपोर्टवर दिसतं ते असं. डोस तोच, पण टीएसएच कधी ३, कधी ९, पुन्हा २, पुन्हा ७. किंवा वर्षात दोनदा डोस वाढला आणि आकडा तरी वरच. मोठ्या माणसांत ही मर्यादा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते, पण लॅब, वय आणि गर्भारपण यांप्रमाणे ती बदलते. म्हणून आपल्याच रिपोर्टवर छापलेली मर्यादा बघायची, शेजारणीच्या नाही.

अंगावर दिसतं ते असं. सकाळी उठतानाच दमल्यासारखं वाटतं, पोट साफ होत नाही, घरात सगळ्यांना पंखा हवा असतो आणि आपल्याला शाल लागते. फणीत केस येतात, कातडी कोरडी पडते, पाळीत अंगावरून जास्त जातं, सकाळी डोळ्यांखाली सूज असते.

याच्या उलट होत असेल, म्हणजे छातीत धडधड, हातांची थरथर, घाम, झोप उडणं, तर पुढचं वाचत बसू नका. औषध जास्त होत असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना फोन करा.

आणि गोळी सुरू होऊन किंवा डोस बदलून सहा आठवडेही झाले नसतील, तर अजून काही बिघडलेलं नाही. हे औषध शरीरातून निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात. रक्तातली पातळी नव्या जागी बसायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच तिच्या मागून येतो. तिसऱ्या आठवड्यात काढलेला रिपोर्ट फसवतो.

ही गोळी इतकी नाजूक का?

७५ ची गोळी म्हणजे ७५ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन. कॅल्शियमच्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे ५ लाख मायक्रोग्रॅम. दोन्ही एकदम पोटात गेल्या, तर औषधाच्या एका भागाला कॅल्शियमचे साडेसहा हजारांहून जास्त भाग गाठतात. ते औषधाला चिकटतात आणि औषधाचा काही भाग रक्तात न जाता शौचावाटे निघून जातो.

शिवाय सगळं नीट केलं तरी गिळलेलं सगळं औषध रक्तात जात नाहीच. लहान आतड्यातून ते ४० ते ८० टक्के शोषलं जातं, माणसाप्रमाणे आणि पोटात काय आहे त्याप्रमाणे. म्हणजे चिठ्ठीवर ७५ असलं, तरी अंगाला ३० मिळतात की ६०, हे बरंचसं तुमच्या स्वयंपाकघरात ठरतं.

पहिली तपासणी: बाटली (दोन मिनिटं, खर्च शून्य)

बाटली ताटात पालथी करा आणि गोळ्या मोजा. १०० ची बाटली ४० दिवसांपूर्वी फोडली असेल, तर ६० उरायला हव्यात. एका काकांच्या बाटलीत ७४ निघाल्या. ते खोटं बोलत नव्हते. शेतावर पहाटे जायच्या दिवशी गोळी राहायची आणि ते त्यांच्या ध्यानातच नसायचं. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या बाटलीच्या झाकणावर मार्करने तारीख घालून देते.

मग पावर वाचा. घरात सासूची ५० ची आणि सुनेची २५ ची बाटली शेजारी शेजारी असली की अदलाबदल होते. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. कंपनी बदलली असेल तर तेही लक्षात घ्या. मात्रा तीच असली, तरी कंपनी बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघून घ्यावा.

बाटली ठेवता कुठे? या औषधाला ऊन, उष्णता आणि ओल तिन्ही सोसत नाहीत. गॅसच्या वरची फळी, फ्रिजचा माथा, मोरीतलं कपाट, गाडीचा कप्पा या जागा नकोत. आठवड्याच्या गोळ्या आधीच काढून प्लास्टिकच्या डबीत भरू नका, पावसाळ्यात तर नाहीच. वारीला जाणाऱ्यांनी मूळ बाटलीच घट्ट झाकणासकट कोरड्या पिशवीत न्यावी.

दुसरी तपासणी: सकाळचा पहिला तास

निम्म्याहून जास्त जणांचा प्रश्न इथेच सुटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी विचारते, "गोळी अनशापोटी घेता ना?" उत्तर येतं, "हो, अगदी अनशापोटी." मग विचारते, "आणि चहा?" "चहा तर लगेच, गोळीबरोबरच." आपल्याकडे चहा कुणी खाण्यात धरतच नाही. एका काकूंना मी दुकानात रिकामा कप देऊन रोज काय करतात ते करून दाखवायला सांगितलं. त्यांनी डाव्या हातात कप धरला, उजव्या हाताने गोळी जिभेवर ठेवल्यासारखं केलं आणि कप तोंडाला लावला. चार वर्षं त्या गोळी दुधाच्या चहाच्या पहिल्या घोटाबरोबरच गिळत होत्या. त्यांचा डोस तीनदा वाढला होता.

दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं औषधाचं शोषण कमी करतात. कॉफीही करते, काळी असली तरी. म्हणून नियम असा: गोळी भरल्या पेल्याच्या साध्या पाण्याबरोबर आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर पूर्ण तास, तोंडात पाण्याशिवाय काही नाही. कॉफी पिणाऱ्यांनी तासच धरावा.

"काही नाही" यात काय काय येतं ते मोजूनच सांगावं लागतं. रात्री भिजवलेले अक्रोड आणि बदाम, मेथीचं पाणी, लिंबू-मध, च्यवनप्राश, हळदीचं दूध, नाचणीची आंबील. हे पदार्थ वाईट नाहीत. पण अक्रोड या औषधाचं शोषण कमी करणाऱ्या पदार्थांच्या यादीत नावानिशी आहे. आणि १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. प्रकृतीला चांगली म्हणूनच आंबील सकाळी पहिली घेतात आणि नेमकी तीच गोळीच्या आड येते. तासाभराने घ्या, मग हरकत नाही.

ज्यांना सकाळी तासभर थांबणं जमतच नाही, डबे करायचे असतात, सहाची एसटी गाठायची असते, त्यांच्यासाठी रात्रीची वेळ आहे. शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी, झोपताना. यानेही टीएसएच चांगला राहतो. डॉक्टरांना सांगून वेळ बदला. पण मग जेवणानंतरचा दुधाचा पेला सुटायला हवा. संकष्टीचंही आधी ठरवून ठेवा. चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे, मग जेवण, मग लगेच झोप, असं झालं की त्या रात्री गोळी भरल्या पोटी जाते. नवरात्राचे नऊ दिवस किंवा निर्जळी एकादशीला गोळी बंद ठेवणारेही बरेच आहेत. पेलाभर पाणी आणि एक गोळी यांनी उपास मोडतो की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी फक्त एवढंच सांगते की नऊ दिवसांत औषधाची पातळी निम्म्याखाली येते.

तिसरी तपासणी: घरातल्या बाकीच्या गोळ्या, भस्मं आणि चुना

घरात चालू असलेलं सगळं एका ताटात आणून ठेवा. सगळं म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं, वैद्यांनी दिलेलं, टीव्हीवर बघून मागवलेलं आणि बहिणीने पाठवलेलं.

कॅल्शियमची गोळी, रक्तवाढीची म्हणजे लोहाची गोळी, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं पातळ औषध आणि अल्सरसाठीचं सुक्राल्फेट यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत ४ तासांचं अंतर हवं. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत बऱ्याचदा लोह आणि कॅल्शियम दोन्ही असतात, तिलाही हाच नियम. "सकाळच्या सगळ्या गोळ्या एकदम घेऊन टाकते म्हणजे विसरत नाही," असं सांगणारी माणसं फार नेटाने औषध घेतात, आणि नुकसानही त्यांचंच होतं.

आता यादीत सहसा न येणारी गोष्ट. शंख भस्म म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळ आणि मुक्ताशुक्ती (मोत्याचा शिंपला) हीही त्यातलीच, आणि पित्तावर सर्रास दिला जाणारा कामदुधा रस यांच्यापासूनच बनतो. लोह भस्म आणि मंडूर भस्म म्हणजे लोह. ही औषधं घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण आतड्यात गेल्यावर कॅल्शियम ते कॅल्शियमच. त्यांनाही चार तास.

आणि चुना. हाडं मजबूत होतात म्हणून गव्हाच्या दाण्याएवढा चुना सकाळी दह्यात किंवा पाण्यात घ्यायचा, हा सल्ला गावोगाव पोचलाय. चुना म्हणजेही कॅल्शियम. आमच्याकडच्या एका आजींचा टीएसएच दीड वर्ष खाली येत नव्हता. चहा नव्हता, दुसरी गोळी नव्हती. शेवटी बोलता बोलता त्या म्हणाल्या, "पान खाते गं मी, उठल्या उठल्या. तोंड धुतलं की पान, आणि मग तुझी गोळी." चुना लावलेलं पान पोटात आणि वरून गोळी. पान दुपारच्या जेवणानंतर नेलं आणि पुढच्या रिपोर्टला आकडा मर्यादेत आला.

माझ्याकडच्या बायकांना मी वेळापत्रक लिहून देते, ते हे: सकाळी सहाला थायरॉइडची गोळी, सातला चहा, आठला नाश्ता, दुपारच्या सुमारास लोह, रात्री जेवणाबरोबर कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांच्या आड येतात, म्हणून तीही एकत्र नकोत. गरोदर बाईला दोन्ही गोळ्या सुरू असतात, तिच्यासाठी हा कागद फ्रिजवरच चिकटवा. थायरॉइडची गोळी रात्री झोपताना घेत असाल, तर मात्र कॅल्शियम सकाळच्या नाश्त्याबरोबर घ्या, दुपारच्या लोहाबरोबर नको.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अशा पित्ताच्या गोळ्यांचं वेगळं आहे. या गोळ्या थायरॉइडच्या औषधाला चिकटत नाहीत. पोटातलं आम्लच कमी करतात आणि मग थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही, त्यामुळे वेळेचं अंतर ठेवून पुरेसा उपयोग होत नाही. त्या महिनोन्महिने आपल्या मनाने घेत असाल, तर डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांनीच दिल्या असतील, तर आपल्या मनाने बंद करू नका.

चौथी तपासणी: पिठाचं पाकीट

मल्टिग्रेन आट्याचं पाकीट उलटं करून घटक वाचा. बऱ्याचशांत सोयाबीनचं पीठ असतं. सोया या औषधाचं शोषण कमी करतो. सोयाच्या वड्या, सोया दूध, प्रथिनांची पावडर हे सगळं त्याच घरातलं. भरपूर कोंडा आणि तंतू असलेलं खाणंही औषध थोडं अडवतं. म्हणून इसबगोल गोळीपासून चार तास लांब ठेवा.

सोया सोडायलाच हवा असं नाही. डॉक्टर डोस ठरवतात तो तुमच्या खाण्याच्या सवयीसकट ठरतो. रोज सोयाची पोळी खाणाऱ्याचा डोस तसाच बसलेला असतो. गडबड होते ती अचानक बदलाने: एक जानेवारीला नवीन आहार सुरू, मार्चमध्ये बंद. मोठा बदल करायचा तर करा, मग तो टिकवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासा.

कोबी, बाजरी, साबुदाणा आणि मीठ यांचं काय?

सर्वांत जास्त प्रश्न याचेच येतात आणि सर्वांत कमी दोष यांचाच असतो. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांतली द्रव्यं थायरॉइड ग्रंथीच्या आयोडीन वापरण्यात अडथळा आणतात. बाजरीतही तशी द्रव्यं आहेत. सुदानमध्ये बाजरीवरच जगणाऱ्या भागात गलगंड जास्त आढळला, पण तिथे जेवण जवळजवळ बाजरीचंच होतं. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो, त्यातही अशी द्रव्यं असतात, पण साबुदाणा बनताना ती बहुतेक निघून जातात.

हा सगळा अडथळा ग्रंथीच्या कामात येतो. तुम्ही तर तयार संप्रेरक गोळीतून घेताय! ग्रंथी काढून टाकलेल्या किंवा पुरती बंद पडलेल्या माणसाच्या टीएसएचला कोबीची भाजी काय करणार? ज्यांची ग्रंथी थोडं काम करते आणि डोस लहान आहे, त्यांनीही शिजवलेली भाजी आणि थंडीतली बाजरीची भाकरी खुशाल खावी. कच्च्या कोबीचा पेला पेला रस रोज पिऊ नये, इतकंच. कित्येक बायका वर्षानुवर्षं फ्लॉवर सोडून बसतात आणि चहा मात्र गोळीबरोबर घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मिठाबद्दल: आयोडीनयुक्त मीठच वापरा. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. आपल्या देशात १९६२ पासून गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम चालू आहे, तो याच मिठाच्या जोरावर. सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. उपासाला ठीक, पण वर्षभर घरात फक्त तेच असेल तर मुलांना आणि गरोदर सुनेला कमी पडतं. उलट समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊ नका. त्यांत आयोडीन बेसुमार असू शकतं आणि उरलीसुरली ग्रंथीही बिघडते. अश्वगंधा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, तिने थायरॉइडचं संप्रेरक वाढल्याच्या नोंदी आहेत.

पाचवी तपासणी: रिपोर्टच चुकीचा आहे का?

केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेतली जाते. काही लॅबच्या तपासणी पद्धतीत हेच बायोटिन ढवळाढवळ करतं आणि टीएसएच खोटाच कमी आणि टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक, खोटंच जास्त दिसतं. डोस जास्त झाला समजून तो कमी केला जातो, आणि मग खरोखरच त्रास सुरू होतो. केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन सर्रास असतं. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा.

दर वेळी एकच लॅब आणि सकाळची तीच वेळ ठेवा. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, कारण गोळी घेतल्यावर काही तास टी-४ वर चढलेला असतो.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

वरचं सगळं आठ आठवडे नीट पाळूनही टीएसएच वर असेल, तर पुढचं काम घरातलं नाही. सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आतड्याचा आजार), जठराचा जुना दाह, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूचा संसर्ग अशा आजारांत औषध नीट शोषलं जात नाही आणि त्यांच्या तपासण्या डॉक्टरच लिहून देतात. फिट्सची, टीबीची, गर्भनिरोधक गोळी नव्याने सुरू झाली असेल तर तिच्यामुळेही थायरॉइडचा डोस बदलावा लागू शकतो.

दिवस राहिल्याचं कळलं तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर असतं आणि डोस बहुधा २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. तान्ह्या बाळाला ही गोळी चालू असेल, तर या लेखातलं काहीही त्याला लावू नका. बालरोगतज्ज्ञ सांगतील तेच.

छातीत दुखणं, नाडी वेडीवाकडी लागणं, धाप लागणं असेल तर लगेच दवाखाना. थायरॉइडचा रुग्ण गुंगीत जातोय, अंग गार पडलंय, बोलणं असंबद्ध झालंय, तर थेट मोठं रुग्णालय.

आणि ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. चहाची वेळ सुधारली, पण दोन वर्षांत वाढत गेलेला १२५ चा डोस तसाच राहिला. औषध आता पुरतं शोषलं जायला लागलं आणि दोन महिन्यांनी त्या बाई धडधड आणि थरथर घेऊन आल्या. म्हणून वेळ सुधारलीत की डॉक्टरांना तसं कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. वयस्कर माणसं, हृदयरोगी आणि पाळी गेलेल्या बायका यांनी तर नक्कीच, कारण जास्तीच्या औषधाने हृदयाचे ठोके आणि हाडं दोन्ही बिघडतात. मधल्या काळात गोळी अर्धी करणं, दोन घेणं, एक दिवसाआड घेणं, यातलं काहीही आपल्या मनाने नको.

डॉक्टरांकडे जाताना एका चिठ्ठीवर हे लिहून न्या: गोळीची पावर आणि कंपनी, बाटली फोडल्याची तारीख, गोळी घेण्याची वेळ, त्यानंतर पहिल्यांदा तोंडात जातं ते काय आणि किती वाजता, आणि ताटात मांडलेल्या बाकीच्या सगळ्या औषधांची नावं, चुन्यासकट. मागचे तीन रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून सोबत ठेवा.